सिग्नलवर ट्रेलरने डावीकडे वळताना दुचाकीस्वाराला चिरडलं. 'ब्लाइंड स्पॉटमध्ये होता' म्हटल्यावर चालकाची जबाबदारी संपते का?

तुमच्या प्रश्नानुसार धाकटा भाऊ चाकणला सिग्नलवर ट्रेलरच्या डाव्या बाजूला थांबला होता. सिग्नल सुटताच ट्रेलर डावीकडे वळला आणि मागच्या चाकाखाली त्याचा पाय गेला. चालक म्हणतो, दिसलाच नाही. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, डावीकडे घुसायला कोणी सांगितलं, शिवाय लायसन्सही नव्हतं. म्हणून विचारताय की भरपाई मागता येईल का.

येईल, आणि जरूर मागा. मी बरीच वर्षं न्हावा शेवा ते चाकण कंटेनर चालवले, आता नव्या चालकांना शिकवतो. त्यामुळे आधी केबिनमधून काय दिसतं ते सांगतो, कारण तुमचा दावा त्यावरच उभा राहणार आहे.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवा आरसा त्याच्या जवळ असतो, डावा पूर्ण केबिन ओलांडून पलीकडे. डाव्या दाराला खेटून उभी असलेली दुचाकी खिडकीच्या कडेखाली झाकली जाते. मोठ्या आरशात मागचा पट्टा दिसतो, पण दाराजवळची जागा बघायला खाली वाकवलेला वेगळा गोल आरसा लागतो. बंपरच्या अगदी पुढ्यात उभा माणूसही असाच दिसेनासा होतो. डावीकडे वळताना तर आणखी वाईट. हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा केबिनचा भाग, वळला की डाव्या आरशात फक्त ट्रेलरची बाजू भरून राहते, आणि त्याच वेळी ट्रेलरचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने न येता आत कापत येतं. सिग्नलला थांबताना ट्रेलर आणि फुटपाथ यांच्यामध्ये असलेली ऐसपैस जागा वळता वळता संपून जाते. दुचाकीवाला जागचा हललासुद्धा नाही तरी सापडतो.

म्हणजे चालक खोटं बोलत नसेल. पण हे सगळं त्याला गाडी हलवण्याआधीच माहीत असतं. न दिसणारी जागा त्याच्या गाडीची आहे, तिची काळजी घ्यायचं कामही त्याचंच. इंडिकेटर आधी द्यायचा, सगळे आरसे बघायचे, वळण चालण्याच्या वेगाने घ्यायचं, शंका आली तर थांबायचं. पूर्वी डाव्या दाराशी क्लीनर असायचा, पत्र्यावर थाप मारून 'थांब, गाडी आहे' म्हणून ओरडायचा. तो पगार वाचवायला कित्येक मालकांनी क्लीनर काढला आणि त्याच्या जागी कॅमेरा सोडा, साधा गोल आरसाही लावला नाही. याचा मला मनापासून राग येतो. लंडनमध्ये २०२१ पासून १२ टनांवरच्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं यावरून तारे दिले जातात आणि कमी ताऱ्यांच्या गाडीला जादा आरसे, कॅमेरे, सेन्सर लावल्याशिवाय शहरात येऊ देत नाहीत. दोष गाडीचा आहे हे तिथे मान्य झालंय.

आता कायद्याचं. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली करायचा. चालकाच्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो आणि थर्ड पार्टी विमा असेल तर पैसे विमा कंपनी भरते. इथे फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहतात. भावाचीही चूक होती असं कंपनी म्हणत असेल तर ते सिद्ध करणं तिच्यावर आहे, आणि सिद्ध झालं तरी त्याच्या चुकीच्या वाट्याइतकीच रक्कम कापली जाते. नुसतं लायसन्स नसणं म्हणजे अपघातात चूक असणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा प्रकरणात सांगितलंय. मात्र ट्रेलरचा डावा इंडिकेटर लागलेला असताना भाऊ नंतर आत शिरला असेल, तर थोडी कपात होऊ शकते, हेही मनात धरून ठेवा. तो आधीपासून उभा होता की नंतर आला, यावर बरंच काही ठरेल.

म्हणून आजच त्या चौकातल्या दुकानांकडे सीसीटीव्हीचं फुटेज मागा. बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड होतं. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात आरसे, इंडिकेटर आणि बाजूचं लोखंडी गार्ड यांच्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. माणूस मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणूनच ते गार्ड असतं, आणि गंजून तुटलेलं किंवा काढून टाकलेलं गार्ड मी रोज बघतो.

अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्केवारीवर थांबू नका. त्या पायामुळे भावाची कमाई किती बुडाली हे न्यायालय बघतं, तेव्हा पगाराच्या स्लिपा, कामाचं स्वरूप, औषधांची बिलं जपून ठेवा.

दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. नव्या तरतुदीत मुदत अपघातापासून ६ महिन्यांची आहे, तिच्या आत अर्ज द्या. आणि कंपनी तडजोड म्हणून कलम १६४ खाली, चूक कोणाची ते न बघता, गंभीर दुखापतीचे अडीच लाख देऊ करेल. ते त्या तडजोडीत स्वीकारले तर १६६ खालचा दावा संपतो. पाय कायमचा गेला असेल तर अडीच लाख फार कमी आहेत, त्यामुळे वकिलाला कागद दाखवल्याशिवाय भावाला कुठेही सही करू देऊ नका.