शहरातली गरिबी, घरं आणि आरोग्य यावर कोकणात राहून रिसर्च करायचाय, फंडिंग मिळतं का?

मिळतं, पण तुम्ही लिहिलंय त्या रूपात कोणीच देत नाही. तुमचं म्हणणं असं की एमए झालंय, रत्नागिरी सोडायची नाही, विषमता-घरं-आरोग्य एकत्र घेऊन पीएचडी करायची आहे, आणि सगळा पैसा मुंबई-दिल्लीलाच जातो का. बराचसा जातो, हो. पण खरी गोची वेगळी आहे. आयसीएसएसआर (केंद्राची सामाजिक शास्त्र संशोधन परिषद) समाजशास्त्र-अर्थशास्त्रवाल्यांची, आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) डॉक्टरांची, घरं तिसऱ्याच खात्याकडे, आणि तुमचा विषय यांच्या मधल्या बांधावर, तिघंही म्हणणार ती जमीन आमची नाही.

मी इकडेच कॉलेजात शिकवतो आणि अशा प्रोजेक्टांच्या फाइली जवळून बघितल्यात, त्यावरून सांगतो.

आधी स्वतःच्या पोटापाण्याचं बघा. नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची केंद्राची फेलोशिप, काढा. १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, दोन वर्षांनी तिचीच एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलोशिप, झाली की ४२,०००, एकूण पाच वर्षं, वर घरभाडं भत्ता. (तो भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे असतो आणि रत्नागिरी सगळ्यात खालच्या झेड वर्गात, म्हणजे घरांवर रिसर्च करणाऱ्यालाच सगळ्यात कमी घरभाडं. असो.) जेआरएफ नाही निघाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी तुमच्या प्रवर्गाची जी असेल ती बघा, आयसीएसएसआरचीही डॉक्टरल फेलोशिप असते. फक्त राज्याच्या फेलोशिपचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून कर्ज-बिर्ज काढू नका, त्यासाठी मुलं आझाद मैदानात जाऊन बसलेली आहेत.

मोठी ग्रँट तुमच्या नावावर आत्ता येणार नाही, ती बहुतेक वेळा कायम नोकरीतल्या प्राध्यापकाच्या आणि संस्थेच्या नावावर येते. सीएचबीवर तासिका घेणारा कितीही हुशार असो, अर्ज दुसऱ्याच्या नावानेच करावा लागतो. एएनआरएफ, म्हणजे केंद्राच्या नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाबद्दल, सगळे बोलतात, २०२३ चा कायदा, पाच वर्षांत ५०,००० कोटी, पण त्यातला मोठा वाटा खासगीकडून यायचा असं गृहीत धरलंय आणि सामाजिक शास्त्रांना तिथे विज्ञानाला चिकटूनच जागा आहे. आपला देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्यात आपल्या वाट्याला काय येणार ते तुम्हीच बघा.

परदेशी पैशाच्या नादाला तर शक्यतो लागू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली येणारा) पैसा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे देताच येत नाही, म्हणजे मुंबईच्या मोठ्या संस्थेने ग्रँट आणायची आणि इकडच्या छोट्या संस्थेने फील्ड करायचं हा जुना मार्ग बंद. दिल्लीची सीपीआर ही धोरण-अभ्यास करणारी संस्था शहरांवर चांगलं काम करत होती, जानेवारी २०२४ मध्ये त्यांचं एफसीआरए लायसन्स रद्द झालं. देणाऱ्याचा हातही कधीही आखडतो, ब्रिटनने २०२१ मध्ये मदतीचं बजेट कापलं तेव्हा चालू प्रोजेक्ट मध्येच अडकले. आणि देशी ट्रस्टचा पैसा पक्का असंही नाही, जून २०२४ मध्ये टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) ट्रस्टच्या ग्रँटवरच्या शंभरहून जास्त लोकांना कामावरून काढल्याची नोटीस निघाली आणि दोन दिवसांत मागे घेतली, मधे त्या लोकांचं काय झालं असेल विचार करा.

म्हणून माझं मत: ‘विषमता’ हा शब्द प्रस्तावाच्या शीर्षकातून काढा आणि प्रश्न इतका बारीक करा की आरोग्यवाल्यालाही तो आपला वाटेल. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचं उदाहरण घ्या, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड. इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि टीबीचं प्रमाण जवळच्याच पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तो अभ्यास केला आणि पैसे तिथे पुनर्वसन करणाऱ्या एमएमआरडीएच्याच पर्यावरण सोसायटीचे होते! प्रश्न खिडकी आणि खोकल्याचा होता, निघाली ती विषमताच. तसंच जुलै २०२० चा मुंबईचा कोविडचा सिरो सर्व्हे, तीन वॉर्ड, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी आणि बाहेर १६ टक्के. दोन आकडे शेजारी ठेवले, भाषणाची गरजच पडली नाही.

आता कोकणात असे प्रश्न पडलेत पायाखाली. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणात तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्याच्या घरात ओल किती वर्षं राहिली, पोरांचा दमा वाढला का, मालक वरच्या मजल्यावर गेला तसा भाडेकरू जाऊ शकला का. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटीवरच झोपणारे खलाशी, त्यातले कितीतरी नेपाळी, ते कुठल्या झोपडपट्टीच्या यादीत बसतात? लोटे एमआयडीसीत एका रूममध्ये शिफ्टने झोपणारी पोरं? आणि शहर म्हणजे काय हाच इकडे घोळ आहे, राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान २०१३ साली आलं ते ५० हजारांवरच्या गावांसाठी आणि ३० हजारांवरच्या जिल्हा ठिकाणांसाठी, त्यात रत्नागिरी आरामात बसते, ५५ हजारांचं चिपळूण जेमतेम, आणि सावंतवाडी नगरपरिषद असूनही बाहेर. एवढ्यावरच एक चॅप्टर होईल.

डेटाला पैसा कमी लागतो, पाय जास्त. नगरपरिषदेचं घरपट्टीचं असेसमेंट रजिस्टर, जन्म-मृत्यू नोंदी, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून वॉर्डनिहाय आकडे, नाव-पत्ता काढून मागितले तर लेखी अर्जावर विचार होतो, नाहीतर माहिती अधिकार आहेच. गाइड घेताना एकच बघा, त्याची मेडिकल कॉलेजमध्ये ओळख आहे का. कारण आरोग्याचा प्रश्न विचारलात की एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, साध्या आर्ट्स कॉलेजात ती कमिटीच नसते, आणि मंजुरी नसेल तर आयसीएमआर सोडा, धड जर्नलही पेपर घेत नाही. डेरवणला वालावलकरांचं कॉलेज आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजंही झालीत, तिथे कम्युनिटी मेडिसिनच्या माणसाला को-गाइड म्हणून आधीच गाठा, रजिस्ट्रेशन झाल्यावर नको.

बजेटमध्ये फील्डवाल्या पोरींचं मानधन आणि प्रवास पहिल्या हप्त्यातच लावून घ्या. ग्रँट हप्त्याने येते, पहिल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे खर्चाचा दाखला, गेल्याशिवाय दुसरा सुटत नाही, आणि एका ठिकाणी ते अकाउंट्समध्येच पडून राहिलं म्हणून घरोघर फिरलेल्या मुलींचे पैसे वर्षभर लटकलेले मी बघितलेत. आणि सर्व्हे गणपतीत किंवा शिमग्यात अजिबात लावू नका, चाकरमानी आलेले असतात, घरात माणशी जागा किती हा तुमचा मेन आकडाच खोटा येईल. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका, कुलूप लागलेली घरं ‘रिकामी’ म्हणून वेगळी नोंदवा, सॅम्पलमधून गाळू नका.