सात वर्षांच्या लेकराचं इंग्रजी ग्रामर: पुस्तक राहू द्या, आधी ते काय बोलायलंय ते ऐका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकरू ७ वर्षांचं, शाळेत न घालता घरीच शिकवायलात, नाऊन प्रोनाऊन व्हर्बच्या व्याख्या पाढ्यासारख्या पाठ आहेत पण बोलताना "ही गो मार्केट"च म्हणतंय, आणि सासरे म्हणायलेत की एकतर जाडजूड ग्रामरचं पुस्तक आणा नाहीतर सरळ इंग्लिश मीडियमला टाका. वर तुमचं स्वतःचं इंग्रजी बेताचं म्हणून तुम्हालाच धाकधूक.

पुस्तक आत्ता आणू नका, हे माझं स्पष्ट मत. माझी दोन्ही लेकरं घरीच शिकली, आता मोठी आहेत, आणि एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय की या वयातल्या चुका उगीच होत नसतात, बहुतेक मराठीतून आलेल्या असतात. लेकरू डोक्यात मराठी वाक्य करतं आणि त्याच्यावर इंग्रजी शब्द चढवतं. आणि मराठी तर तुम्हाला पक्की येते ना, मग चूक कुठून आली हे तुमच्याइतकं लवकर कुणाला कळणार? छापील पुस्तकात सगळ्या जगाच्या लेकरांसाठी एकच धडा असतो, त्याला काय माहीत उदगीरचं पोरगं कुठं अडकायलंय.

आता तुम्ही लिहिलेलंच घ्या, की त्यानं आजोबांबद्दल "दे आर स्लीपिंग" म्हटलं आणि तुम्ही रागावलात. आहो त्यानं बरोबर विचार केलाय! आजोबा झोपलेत, ते दमलेत, आपण मोठ्यांना ते म्हणतो, मग त्यानं दे म्हटलं. त्याला एवढंच सांगायचं की इंग्रजीत आजोबा पण ही आणि गल्लीतला गण्या पण ही, मान द्यायची सोय तिथं नाही. तसंच खुर्ची मोडली की "शी इज ब्रोकन" म्हणेल, कारण आपल्याकडं खुर्ची ती, खांब तो. इंग्रजीत वस्तूला इट. हे त्याला मराठीतच सांगा, इंग्रजीत सांगायचा अट्टाहास नको.

शब्दांच्या क्रमासाठी एक करा. जुन्या लग्नपत्रिका असतीलच घरात, त्यांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. मराठीच्या तीन चिठ्ठ्या: मांजरीनं, उंदीर, खाल्ला. त्याला कशाही मांडू द्या, उंदीर मांजरीनं खाल्ला, खाल्ला मांजरीनं उंदीर, काहीही केलं तरी मरणार उंदीरच. मग इंग्रजीच्या तीन मांडा: द कॅट, एट, द रॅट. आता मांजर आणि उंदराची अदलाबदल करून वाचायला लावा. उंदरानं मांजर खाल्लं! माझी लेक एवढी हसली होती की दिवसभर उलटी वाक्यंच करत बसली, द भाकरी एट माय आजी वगैरे. कुणी केलं हे मराठीत 'नं' सांगतो, इंग्रजीत 'नं' नाही म्हणून शब्दाची जागाच सांगते, हे लेकराला व्याख्येशिवाय कळून जातं. सब्जेक्ट ऑब्जेक्ट हे शब्द दोन वर्षांनी सांगितले तरी काही बिघडत नाही.

आता "ही गो" कडं येते. मराठीत क्रियापद सारखं बदलतं, जातो जाते जातोस जातात. इंग्रजी यात आळशी, आय गो, यू गो, वी गो, दे गो, सगळीकडं गोच, फक्त एकटा ही, एकटी शी किंवा एकटं इट आलं की एस लागतो. गोंधळ कुठं होतो तर लेकराला माहीत असतं की एस म्हणजे पुष्कळ, मग एकाच माणसाला एस कामून? त्यासाठी गायीचं वाक्य घ्या. द काऊ ईट्स ग्रास, द काऊज ईट ग्रास. एस एकच आहे, गायीला दिला तर ईटला मिळत नाही आणि ईटला दिला तर गायीला मिळत नाही. चिल्ड्रन, पीपल असल्या शब्दांना हे लागू पडत नाही, पण ७ व्या वर्षी एवढं पुरतं.

चालू काळासाठी तर आपली मराठवाड्याची बोली लई कामाची आहे आणि हे कुणी सांगत नाही. पुस्तकातलं "मी करीत आहे" आपल्या घरात कोण बोलतं? आपण म्हणतो काय करायलास, पाऊस पडायलाय, आजी भाकरी थापायलीय. जिथं आपल्या तोंडात करायलो, पडायलाय येतं तिथं इंग्रजीत आयएनजी, इट इज रेनिंग, आजी इज मेकिंग भाकरी. आणि जिथं करतो, पडतो, थापते येतं, म्हणजे रोजचं, सवयीचं, तिथं साधं रूप. "आय ऍम नोइंग" म्हणणारी मोठी माणसं पण असतात, तर लेकराला विचारा, मला माहीत व्हायलंय असं म्हणतोस का? नाही, मला माहीतंय म्हणतो, मग आय नो. दर वेळेला जुळेलच असं नाही पण दहातल्या आठ ठिकाणी जुळतंय. शुद्ध मराठीच्या नादात लेकराची बोली मोडू नका, तीच इथं तुमची शिदोरी आहे.

भूतकाळाला ईडी लावायच्या नियमानं सुरुवात नको. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जाऊन आलात की त्याला काय काय केलं ते सांगायला लावा. वी वेंट टू शेत, वी एट भज्जी, आय ड्रँक आंबील, आय रॅन, आय सॉ अ स्नेक, काका केम. बघा यात एका तरी शब्दाला ईडी लागला का? रोजच्या वापरातली क्रियापदंच आडमुठी आहेत, ती गोष्टी सांगून आणि ऐकूनच बसतात. मधी एक टप्पा येईल जेव्हा ते "आय गोड", "आय ईटेड" म्हणायला लागेल, तेव्हा घाबरू नका, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी ती लेकरं पण असंच म्हणतात, नियम डोक्यात शिरल्याची ती खूण आहे. तिथं "चूक!" म्हणून थांबवायचं नाही, फक्त आपण बरोबर रूप घालून पुढचं विचारायचं: ओ, यू वेंट टू शेत? हू केम विथ यू? लाल पेन तर या वयात घरात असूच नये असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो.

मला भूक लागली, मला दोन बहिणी आहेत, माझ्याकडं पेन आहे, मला ताप आलाय, ही वाक्यं अख्खीच्या अख्खी शिकवा, आय ऍम हंग्री, आय हॅव टू सिस्टर्स, आय हॅव अ पेन, आय हॅव अ फीवर. तोडून समजवायला गेलात तर तुम्हीच गुंताल. प्रश्नाचं मात्र थोडं सांगावं लागतं, आपला 'का' शेवटी येतो आणि त्यांचा डू, डिड पुढं पळतो, आणि डिड आला की भूतकाळ त्यानं उचललेला असतो म्हणून डिड यू गो, डिड यू वेंट नाही.

ए, ऍन, द चं टेन्शन आत्ता घेऊ नका, मराठीत ती भानगडच नसल्यामुळं ते सगळ्यात शेवटी बसतं आणि वाचून वाचूनच बसतं. फक्त ए की ऍन हे अक्षरावर नाही, उच्चारावर असतं, एवढं गमतीत सांगून ठेवा: ऍन एसटी बस, पण अ युनिफॉर्म. स्टँडवर उभं राहून पाट्या वाचत हा खेळ मस्त होतो.

तुमच्या इंग्रजीचं म्हणाल तर उच्चारासाठी मोबाईल आहे, ब्रिटिश कौन्सिलचं लहान मुलांसाठीचं फुकट साहित्य आहे, ते लावून दोघं सोबत ऐका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर गोष्टी फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे लावलेल्या, आणि पुष्कळ गोष्टी मराठीत पण आहेत आणि इंग्रजीत पण. आधी मराठीतली वाचा, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. बालभारतीची पुस्तकं पण पीडीएफमध्ये मिळतात, पहिली-दुसरीच्या इंग्रजीत गाणी, चित्रं आणि बोलणंच जास्त आहे, ते सासऱ्यांना उघडून दाखवा. सरकारी पुस्तकच लहान लेकराला व्याख्या घोकायला लावत नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा विरोध तिथंच मावळेल, ही मंडळी छापलेल्यावर लई विश्वास ठेवतात.

परीक्षेची काळजी आत्तापासून नको. एनआयओएस म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारी सरकारी मुक्त शाळा, तिच्या मुक्त बेसिक शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या ए, बी, सी लेव्हल आहेत, दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. नाऊन, व्हर्ब, ऍडजेक्टिव्ह ही नावं साधारण नवव्या-दहाव्या वर्षी सांगा, आणि तेव्हाही आधी मराठीतलं नाम, क्रियापद, विशेषण त्याच्याच वाक्यात शोधायला लावून.

सध्या एक वही करा आणि आठवडाभर तो जे इंग्रजी बोलेल ते जसंच्या तसं लिहा, न सुधारता, शेजारी त्याच्या डोक्यात कोणतं मराठी वाक्य असेल ते. रोज पंधरा मिनिटं पुरेत, जेवताना, गुरांना पाणी पाजताना, कधीही. आठवड्यानं त्यातली सात-आठ वाक्यं मला पाठवा, कुठल्या चुकीपासून सुरू करायचं ते बघून सांगते.