जुन्या जर्मन लष्करी कोटावर चिन्ह पुन्हा शिवताना

तुमच्या १९३६ च्या नमुन्याच्या जर्मन भूदलाच्या कोटावर उजव्या खिशाच्या वर गरुडचिन्ह नेमके कोठे होते, हे तेथील न विटलेल्या कापडाच्या आकृतीवरून आणि सुईच्या जुन्या छिद्रांवरून बहुधा कळते. म्हणून प्रथम तिरप्या उजेडात त्या जागेची छायाचित्रे घ्या. चिन्ह त्याच छिद्रांतून, हाताने आणि सुती दोऱ्यानेच शिवा, कारण पॉलिएस्टरचा दोरा लोकरीहून चिवट असतो आणि ताण आल्यास जुने कापडच फाटते. या कोटाची कॉलर गडद हिरवी असते, त्यामुळे चिन्हाची पार्श्वभूमीही तशीच निवडा. उरलेले मूळ टाके, कितीही वेडेवाकडे असले तरी, कृपया उसवू नका. केलेल्या कामाची लेखी नोंद कोटासोबत ठेवा. विकताना ती लपवणे मला अक्षम्य वाटते.