सिग्नलला गाडी थरथरते : माउंटिंग बदलण्याआधी काय पाहायचं

माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचे पैसे अजून देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २०१७ची, चार सिलिंडरची, पेट्रोल-सीएनजी आहे. सिग्नलला उभी असली की स्टिअरिंग आणि सीट थरथरते, निघाल्यावर बरी चालते, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आणि गॅरेजवाले तिन्ही माउंटिंग बदला म्हणतायत. मला खटकतो तो हा दिवा. माउंटिंग म्हणजे रबर आणि लोखंड. ते फाटलं तरी दिवा लागत नाही. माझा संशय असा की तुमचं इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे चारपैकी एका सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाहीये.

मग उभं असतानाच का जाणवतं? आयडलला, म्हणजे रेस न देता उभं असताना, इंजिन साधारण ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) फिरतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला सहा-सात वेळा. त्यातला एक ठोका चुकायला लागला की सेकंदाला सहा-सात धक्के बसतात आणि ते थेट पाठीला कळतात. रेस दिली, २४०० आरपीएम झाले, की तेच धक्के सेकंदाला वीस होतात, फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) वेगात मुरून जातात. दोष तसाच असतो, फक्त कळत नाही. चढावर ओढ कमी वाटते का, हेही आठवून बघा.

आता घरच्या घरी करण्यासारखं. गाडी गरम होऊ द्या, एसी बंद करा, न्यूट्रलला उभी ठेवा आणि मागे जाऊन सायलेन्सरचा आवाज ऐका. तळहात वीतभर लांब धरला तरी चालेल. निरोगी इंजिनाचा झोत सलग येतो. मिसिंग असेल तर मध्येच एक ठोका गळतो, फुस्‌ करून, ठरावीक अंतराने. झोत सलग आहे, आरपीएमचा काटा स्थिर आहे आणि तरी आत सगळं हलतंय, तर मग माउंटिंगवर संशय घ्या. फाटलेल्या माउंटिंगची आणखी एक खूण म्हणजे गाडी चालू-बंद करताना ‘धड’ असा आवाज येतो आणि क्लच सोडताना इंजिन एका बाजूला झुकतं.

तुमच्याकडे सीएनजी आहे, हे निदानासाठी फार सोयीचं आहे. पाच मिनिटं पेट्रोलवर, पाच मिनिटं गॅसवर उभी ठेवून बघा. फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर (इंधन फवारणारी तोटी) चोंदला असण्याची शक्यता मोठी; वर्षानुवर्षं गॅसवरच चालवलेल्या गाड्यांत हे होतं. फक्त गॅसवर असेल तर आधी प्लग (ठिणगी पाडणारा) आणि कॉइल (त्याला व्होल्टेज देणारी), मग गॅसचा फिल्टर आणि इंजेक्टर. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमकुवत कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. दोन्हीवर सारखंच असेल तर प्लग, कॉइल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब.

माझ्या गाडीचं सांगतो. पावसाळ्यात कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा गाडी चालूच होती आणि डॅशबोर्डवरचा गणपती सुपारीएवढा असूनही लटलट हलत होता. परत आल्यावर एका गॅरेजने चारही प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, मग माउंटिंग बदलू म्हणाले. शेवटी ओळखीच्या एका मिस्त्रींनी स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड वाचणारं यंत्र. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस. त्यांनी इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवली, कोड पुसला, गाडी चालू केली. दहा मिनिटांत कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला! एक रुपयाचाही नवा पार्ट न लावता गुन्हेगार सापडला.

पण ते तिथेच थांबले नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. कॉइल काढून त्यांनी तिची रबरी नळी माझ्या हातात दिली. ती तेलाने फुगून बोटाला गिळगिळीत लागत होती. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी टोकापर्यंत न जाता त्या रेघेवरून बाहेर पळत होती. तेल प्लगच्या खड्ड्यात आलं होतं टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडक झालेल्या सीलमधून. नुसती कॉइल बदलली असती तर काही महिन्यांत नवीही गेली असती. सील-पॅकिंग, एक कॉइल आणि एक प्लग, एवढ्यात काम झालं.

म्हणून तुमच्या मिस्त्रींना सांगा: आधी स्कॅनर लावून कोड वाचा. पी०३०१ ते पी०३०४ यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. मग कॉइलची अदलाबदल करा. कोड कॉइलमागे गेला तर कॉइल. तिथेच राहिला तर प्लग तसाच फिरवून बघा, मग इंजेक्टर. तरीही हलला नाही तर कॉम्प्रेशन मोजायला लावा, कारण गॅसवर बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते. पी०३०० आला, म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही, तर इंजिन कुठून हवा घेतंय का ते बघायचं: भेगाळलेले व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं पॅकिंग. बारीक शिटीसारखा आवाज येतो. उंदरांनी वायर कुरतडलीय का, तेही बघा. पावसाळ्यात हे हमखास होतं.

प्लग स्वतः काढणार असाल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा, आणि खड्ड्यातली धूळ आधी फुंकून टाका. बसवताना पहिले चार-पाच आटे हाताने फिरवा, पाना नंतर. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा बसला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकायला लागला तर गाडी रेटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. त्याची किंमत कॉइलच्या कित्येक पट आहे.

पेट्रोल आणि गॅसवर काय फरक दिसला आणि कोड कोणता आला, एवढं कळवा. पुढचं मी सांगतो.