वाचकांचे प्रश्न : धातूच्या भुकटीचे इंजेक्शन मोल्डिंग

प्रश्न : आम्ही ३१६ एल स्टेनलेस स्टीलचे छोटे भाग काढतो. १० मिमीच्या मापाला गेल्या लॉटमध्ये सगळीकडे ९.८९ मिमी मिळाले. भट्टीचा प्रोग्रॅम तोच आहे, तापमान मोजणारे थर्मोकपलही तपासले. भाग लहान का झाले?

उत्तर : भट्टी तूर्त बाजूला ठेवा आणि फीडस्टॉकची, म्हणजे धातूची भुकटी आणि तिला बांधणारा मेण-प्लास्टिकचा बाइंडर यांच्या मिश्रणाची, बॅच बघा. बाइंडरने अडवलेली जागा सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत कण एकमेकांना जुळताना, बुजते, म्हणून भाग आटतो. फीडस्टॉकमध्ये आकारमानाने ६० टक्के भुकटी आहे आणि शेवटी भरीव धातूच्या ९७ टक्के घनता मिळते असे धरू. ०.६० भागिले ०.९७, त्याचे घनमूळ ०.८५२. म्हणजे १० मिमीसाठी डायची (साच्याची) पोकळी ११.७४ मिमी हवी. आता याच डायमध्ये ५८ टक्क्यांचा माल भरला, तर घनमूळ ०.८४२५ येते आणि माप ९.८९ मिमी. तुमचा आकडा नेमका हाच आहे.

आणि ही चूक करायला किती कमी लागते पाहा! बाइंडरची घनता ०.९५ धरली, तर १० किलोच्या घाण्यात ७४० ग्रॅमऐवजी ८०० ग्रॅम बाइंडर पडला की काम झाले. अवघे ६० ग्रॅम.

कच्चा, म्हणजे भट्टीत न गेलेला, भाग कॅलिपरने मोजून हे कळणार नाही, कारण पोकळी तीच आहे आणि भागही तेवढाच निघतो. वजन मात्र खोटे बोलत नाही. जो भाग १० ग्रॅम भरायचा, तो ५८ टक्क्यांच्या मालात ९.७३ ग्रॅम भरतो. गेट (माल पोकळीत शिरतो त्या वाटेतला तुकडा) कापून झाल्यावर दर तासाला चार-पाच भाग मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवा आणि प्रत्येक बॅचची घनता पिक्नोमीटरवर (घनता मोजण्याच्या उपकरणावर) घ्या. बॅच एकच असून वजन हळूहळू घसरत असेल, तर होल्डिंग प्रेशर (पोकळी भरल्यावर धरून ठेवायचा दाब) कमी पडते आहे किंवा गेट लवकर गोठतो आहे. वजनात एक टक्का तूट आली की लांबीत साधारण एक तृतीयांश टक्का जातो, म्हणजे १० मिमीमागे ०.०३ मिमी.

प्रश्न : एका भागाला ८ मिमी जाडीचा बॉस (भरीव उंचवटा) आहे. बाकीच्या भिंती ४ मिमीच्या आहेत, त्या नीट येतात. बॉसवर मात्र फोड येतात, कधी तडेही जातात. बाइंडर मेण आणि पॉलिप्रोपिलीनचा आहे, मेण हेप्टेन या द्रावकात विरघळवून काढतो.

उत्तर : बॉसच्या पोटात मेण राहते आहे. हेप्टेन बाहेरून आत शिरते आणि लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ मिमीला ५ तास पुरत असतील, तर ८ मिमीला सुमारे २० तास लागतील. तुम्ही पातळ भिंतीचा वेळ जाड भागालाही लावत असणार. मग भट्टीत आतले मेण वायू होते, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि वरची कातडी उचलली जाते.

हेप्टेनच्या बाथमधून काढलेले भाग पूर्ण वाळवून तोला. हेप्टेनची वाफ पेट घेते, त्यामुळे वाळवण भट्टीबाहेर, हवेशीर जागी, ठिणगीपासून दूर. भागाच्या वजनात ७.४ टक्के बाइंडर आणि त्यात ५५ टक्के मेण असेल, तर जवळपास ४ टक्के घट दिसलीच पाहिजे. ३ टक्केच दिसली, तर तो ट्रे भट्टीत लावू नका. एक बॉस मोडूनही पाहा : मेण गेलेली कड आणि न गेलेला गाभा यांचा रंग वेगळा असतो.

वेळ वाचवण्यासाठी बाथ जास्त तापवण्याचा मोह टाळा. बाइंडर फुगतो आणि भाग तिथेच तडकतो. पुढे पॉलिप्रोपिलीन जाताना, २०० ते ५०० अंश सेल्सियसमध्ये, मिनिटाला अंश-दोन अंशांपेक्षा घाई नको आणि वायूचा प्रवाह अखंड हवा. तो अपुरा पडला तर कार्बन मागे राहतो. ३१६ एलमध्ये त्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे; ती ओलांडली की गंजरोधकता घसरते.

खरा इलाज डायमध्ये आहे. बॉस मागून पोकळ करा आणि भिंत ३-४ मिमीवर आणा. ८ मिमी भरीव बॉस ठेवून भट्टीशी झगडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : याच स्टीलमध्ये टायटॅनियम कार्बाइडची भुकटी मिसळली, तर जुनी डाय चालेल का?

उत्तर : चालेल असे गृहीत धरू नका. कार्बाइडचे कण त्या तापमानाला स्वतः आटत नाहीत, उलट भोवतालच्या स्टीलला आटण्यापासून रोखतात. गुठळ्या झाल्या तर त्यांच्या पोटात छिद्रे राहतात. म्हणून दोन्ही भुकट्या आधी कोरड्याच एकजीव करा, बाइंडर नंतर. भुकटीचे प्रमाण आणि अंतिम घनता दोन्ही बदलतील, तेव्हा चाचणीचे तुकडे सिंटर करून डाय किती मोठी हवी याचा गुणक नव्याने काढा. टंग्स्टन-निकेल-लोहाची गोष्ट वेगळी आहे. तिथे सिंटरिंगमध्ये द्रव तयार होतो आणि टंग्स्टनचे कण जवळ ओढले जातात. पण द्रव जास्त झाला की भाग स्वतःच्या वजनाने बसतो.

प्रश्न : रनर (डायमध्ये माल गेटपर्यंत नेणारी नाळ) आणि गेटचे तुकडे दळून परत वापरावेत का?

उत्तर : वापरा, फक्त नव्या मालात त्यांचे प्रमाण प्रत्येक घाण्यात एकच ठेवा. वारंवार तापून मेण थोडे उडते आणि माल घट्ट होत जातो. जमिनीवर सांडलेले किंवा दुसऱ्या मिश्रधातूच्या मशीनवरचे तुकडे त्यात कधीच टाकू नका.