मॉडेल रेल्वे इंजिनासाठी गिअर मोटर किती आरपीएमची घ्यावी?

आधी चाकाचा व्यास मोजा, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) त्यावरूनच ठरतो. १:८७ मापात (खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान) १२ मिमी चाकाचा परीघ सुमारे ३७.७ मिमी. खऱ्या गाडीचा ताशी १०० किमी वेग इथे सेकंदाला साधारण ३२० मिमी होतो, म्हणजे चाकाचे मिनिटाला जवळपास ५०० फेरे. हे फेरे डबे ओढताना मिळायला हवेत. मोटरवर छापलेला आकडा बहुधा बिनभाराचा असतो, म्हणून थोडी जास्त आरपीएमची घ्या.

टॉर्कबाबत, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराबाबत, मात्र तडजोड नको. गाडी अडकली तर चाकं रुळावर घसरली पाहिजेत. मोटर जागीच थांबली तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळू शकतं. शंटिंगचं (स्टेशनात डबे इकडून तिकडे हलवण्याचं) इंजिन असेल तर वेग निम्माच धरा, संथ चाल फार देखणी दिसते!