पायाची जखम भरत नाहीये, फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की वडील ६४ वर्षांचे, १५ वर्षं शुगर, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चवड्याखाली जखम, तीन महिने ड्रेसिंग चालू आहे तरी भरत नाही, "दुखत मात्र अजिबात नाही", आणि आता कुणीतरी लेझर अन् अल्ट्रासाऊंडच्या २० सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, तर घ्यावं का.

मी स्वतः फिजिओ आहे, सांगलीकडे काम करते, म्हणजे खरं तर मी "हो घ्या" म्हणायला हवं 😄 पण सांगते, फिजिओथेरपीचा उपयोग होतो, चांगलाच होतो, फक्त तो त्या मशीनमध्ये नाहीये.

तुम्ही सहज लिहून गेलात ना "दुखत मात्र अजिबात नाही", सगळी गोम तिथेच आहे. तुम्हाला-मला चपलेत खडा गेला तर दुसऱ्या पावलाला आपण लंगडतो, तिसऱ्याला थांबून चप्पल झटकतो. शुगरने पाय बधिर झालेला माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. जखम झाली तरी तिच्यावरच चालतो कारण त्याला ती जाणवतच नाही. मग तुम्ही सकाळी कितीही भारी मलम लावून ड्रेसिंग करा, दिवसभरात वडील दोन-तीन हजार वेळा त्याच जागेवर वजन टाकणार, भरणार कशी ती?

ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली ती शुगरच्या नाही तर कुष्ठरोगाच्या पेशंटमुळे, तीही आपल्याच देशात, वेल्लोरला. डॉ. पॉल ब्रँड तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ ला आले. तेव्हा समज असा की कुष्ठरोग्याचं मांसच खराब असतं, ते झडणारच. ब्रँड म्हणाले मांस चांगलंय, दुखणं गेलंय म्हणून हे लोक स्वतःला इजा करून घेतात. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जायचे आणि पेशंटला पत्ता नसायचा, म्हणून मग मांजरं पाळायला दिली होती लोकांना! तर तळपायाच्या जखमांना त्यांनी सरळ प्लास्टर घातलं आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा भरायला लागल्या. १९६६ ला ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलला गेले, तिथून पुढे हेच प्लास्टर शुगरच्या पायांना वापरायला लागले.

त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. हाड मोडल्यावर घालतात तसं जाड कापूस भरलेलं नसतं, पायाच्या आकाराला चिकटून गुडघ्याखालपर्यंत येतं, त्यामुळे वजन एका ठिकाणी न पडता पूर्ण तळव्यावर पसरतं, थोडं नडगी-पोटरीकडून प्लास्टरच्या भिंतीवर जातं, आणि पाऊलही आपोआप छोटं पडतं. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत काढून बघतात कारण सूज उतरली की ते आत सैल होऊन घासतं, नंतर साधारण आठवड्याने बदलतात.

किती फरक पडतो? अमेरिकेत २००१ साली ६३ पेशंटवर एक ट्रायल झाली होती, १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी सुमारे ९० टक्के भरल्या, काढता येणाऱ्या बुटात ६५ टक्के, आणि पुढचा भाग अधांतरी राहणाऱ्या अर्ध्या बुटात ५८. आता तो काढता येणारा बूटही भार जवळजवळ प्लास्टरएवढाच कमी करतो, मग मागे का पडला? कारण तो काढता येतो! नंतर त्याच मंडळींनी २० पेशंटची पावलं मोजली, तर रोजच्या चालण्यातलं फक्त २८ टक्के चालणं बूट घालून होत होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझे एक पेशंट काका आठवले. माझ्याकडे यायचे तेव्हा बूट घट्ट बांधून, अगदी शहाण्या मुलासारखे. दोन महिने जखम जागची हलेना. शेवटी काकूंनी सांगितलं, "अहो घरात कसला बूट, देवघरात चालतो होय, स्वयंपाकघरात मी येऊ देत नाही, आणि रात्री संडासला जाताना कोण बांधत बसतंय." म्हणजे बूट फक्त मला दाखवायला! मग त्याच बुटावरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून तो न निघणारा करून टाकला. ही जुगाड वाटेल पण मान्य पद्धत आहे, यावर अभ्यास झालेत. देवपूजा सुनेने केली तेवढे दिवस.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत पण हेच होत असणार, विचारून बघा घरात अनवाणी चालतात का.

पण थांबा, लगेच प्लास्टर घालायला पळू नका. आधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या, घोट्याजवळचे ठोके आणि डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते बघायची तपासणी. रक्तच पोचत नसेल, किंवा जखमेत पस, वास, आजूबाजूला लाली असेल तर बंद प्लास्टर घातक ठरू शकतं. हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का त्यासाठी एक्सरेपण. हे सर्जनचं काम, माझं नाही. आणि बोट काळं पडायला लागलं किंवा ताप आला तर हे उत्तर वाचत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता मशीनबद्दल. लेझर, अल्ट्रासाऊंड, चुंबक, शॉकवेव्ह, वीज, सगळ्यांवर प्रयोग झालेत, काहींचे निकाल बरेही आहेत, पण डायबेटिक फूटची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती स्पष्ट सांगतात की नेहमीचे उपचार सोडून यांच्या मागे लागू नका, आणि चवड्याखालच्या बधिर जखमेला पहिली पसंती न निघणाऱ्या गुडघ्यापर्यंतच्या साधनाला. त्यातल्या त्यात विजेच्या उपचाराला बरा आधार आहे, मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या बेडसोरमध्ये. अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, त्याचे पैसेसुद्धा देतो, पण कधी, तर आधी ३० दिवस साधे उपचार नीट करून जखम जराही सुधारली नसेल तरच. म्हणजे तिथेही वीज नंतर. तुम्हाला पॅकेज विकणाऱ्याने वडिलांच्या चपलेकडे एकदा तरी बघितलं का? बघितलं नसेल तर उठून या तिथून.

आणि शेक तर चुकूनही नको. गरम पिशवी, मेणाचा शेक, गरम पाण्यात पाय बुडवणं, काहीच नाही. माझ्या सख्ख्या आत्याने थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी घेतली, सकाळी टाचेवर हा एवढा फोड, तिला रात्रभर पत्ता नाही. घरात फिजिओ असून ही कथा! कोमट पाण्याच्या टाकीत जखमेचा पाय ठेवायची पद्धत मी इंटर्नशिपला शिकले होते, आता तीही बाद झाली, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिजिओंच्या संघटनेनेच सांगितलं की जखमेसाठी व्हर्लपूल वापरू नका, कारण एकाच टाकीतून जंतू इकडून तिकडे जातात.

मग फिजिओ नेमकं करतो काय? पाय बघतो. शुगरमध्ये पोटरी आणि घोटा आखडतात, घोटा वर वळत नाही, मग चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार नेमका चवड्यावर, म्हणजे वडिलांची जखम आहे तिथेच. हे मोजायचं, ताणाचे व्यायाम बसून करून घ्यायचे, कुबड्या किंवा वॉकर नीट उंचीचा द्यायचा आणि वापरायला शिकवायचा, प्लास्टरमुळे तो पाय उंच होतो म्हणून दुसऱ्या पायाच्या चपलेला तळ वाढवायचा नाहीतर तोल जाऊन पडतील. महिनाभर बसून मांड्यांची ताकद जाते ती टिकवायची. जखमेच्या कडेला घट्टा जमला असेल तर तो डॉक्टरकडून कापून घ्यायचा, तो स्वतःच खड्यासारखा टोचत असतो. घरी ब्लेड नाही, कॉर्नकॅप तर नाहीच नाही.

एक सांगायचं राहिलं, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची जखम घोट्याच्या वर आतल्या बाजूला असेल, पाय सुजून काळपट झाला असेल, व्हेरिकोज व्हेन असतील, तर वरचं सगळं त्यांना लागू नाही. दिवसभर उभं राहणारे शिक्षक, आचारी, ट्रॅफिक पोलीस यांच्यात हे फार. तिथे औषध म्हणजे दाबाची पट्टी, घोट्याला साधारण ४० मिलिमीटर दाब (बीपी मोजतात त्याच मापात), आणि पोटरी हलवत राहायची, टाचा वर-खाली, कारण पोटरी हाच तिथला पंप. पण रक्तवाहिन्या तपासल्याशिवाय ती पट्टीही बांधायची नाही, आणि मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून अंदाजाने तर नाहीच.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच: पारदर्शक स्वच्छ प्लास्टिक जखमेवर न टेकवता वर धरून मार्करने कड काढा, तारीख टाका, किंवा पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, दर रविवारी. भार नीट काढला तर चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं व्हायला हवं, नाही झालं तर काहीतरी सुटलंय, रक्त, इन्फेक्शन किंवा तो रात्रीचा संडास. आणि भरल्यावर जुनी रबरी चप्पल फेकून द्या, मऊ तळाची मापाची करून घ्या, कारण भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात परत जखम होते. पॅकेजचे पैसे त्या चपलेला ठेवा.